दीडपट धरलेलं वजन

जसोंडीच्या शिवारात गाडीचं पुढचं डावं चाक जमीन सोडून हवेत गेलं, तेव्हा मी तिच्या दुसऱ्या सीटवर बसले होते. गाडीला सीट दोनच. स्प्रिंगा मी ठरवलेल्या, मीच बसवलेल्या, त्यामुळे दुसऱ्या कुणाला बोल लावायची सोय नव्हती. तरी मी लावला.

"दिनेश, तुझे शॉकअप गेलेत."

"ताई, नवीन आहेत. तुम्हीच तर मागच्या हप्त्यात लावून दिले."

ते खरंच होतं. मी दात आवळले. तसेही ते आपटतच होते.

बुऱ्हाणपुरात माझं सस्पेन्शनचं वर्कशॉप आहे. वडील नेपानगरला कागद कारखान्यात फिटर होते, तिथून ही हत्यारांची खोड लागली. सस्पेन्शन म्हणजे चाक आणि गाडीचं अंग यांच्या मधलं सगळं. स्प्रिंग वजन झेलते, शॉकअप तिच्या उड्या थांबवतो. आमच्याकडे काम बहुतेक केळीच्या पिकअपचं. पाटा, म्हणजे लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग, मोडला की नवा घाला. बावीस वर्षं हेच चाललंय.

दिनेश हा जसोंडीच्या भगवानदादांचा मुलगा. घरची केळी भरपूर, पण याचा जीव अडकलेला एका जुन्या, दोन सीटच्या स्पोर्ट्स कारमध्ये. इंदूरच्या ऑटोक्रॉसमध्ये तो ती पळवतो. मातीच्या मैदानात रस्त्यावर ठेवतात तसले प्लास्टिकचे कोन मांडतात, एकेकाने त्यातून गाडी काढायची, घड्याळ लावून. दोन वर्षं दिनेश शेवटून पहिला आला होता. दादांनी सांगून टाकलं होतं, यंदाही तेच झालं तर गाडी विकायची आणि पिकअप घ्यायची.

म्हणून तो माझ्याकडे आला. मी विचारलं, "बजेट?"

"बारा हजार. बस."

बाहेरचं, कमीजास्त करता येणारं सस्पेन्शन मागवायचं तर आधी गाडीच विकावी लागली असती. मग ठरलं, इंदूरला एक जण स्प्रिंगा वळून देतो, त्याच्याकडून चार करून घ्यायच्या. त्याला फक्त स्प्रिंग रेट सांगावा लागतो. एक सेंटिमीटर दबायला स्प्रिंगला किती किलो लागतात, तो आकडा म्हणजे रेट. आकडा कमी झाला तर गाडी वळणावर कलते. जास्त झाला तर चाक खड्ड्यात उतरतच नाही, वरच्या वर उड्या मारतं, आणि हवेतल्या चाकाला पकड कसली? आकडा काढायला आधी वजन लागतं.

वजन दिनेशने व्यवस्थित आणलं होतं. स्वतः आत बसून, पुढची दोन चाकं धर्मकाट्यावर, म्हणजे ट्रक तोलायच्या काट्यावर चढवून, पावतीसकट. चारशे किलो. म्हणजे एका चाकावर दोनशे.

मी पावती पाहिली आणि वहीत लिहिलं, तीनशे.

हे का, ते बुऱ्हाणपुरात धंदा केलेल्यालाच कळेल. पिकअपवाला येतो, छातीवर हात ठेवून सांगतो, "ताई, दीड टनाच्या वर कधी भरलंच नाही." आणि पाटे बघावेत तर उलटे वाकलेले. म्हणून गिऱ्हाईक सांगेल त्याच्या दीडपट धरायचं, हा माझा नियम. हाताला इतकी सवय झाली होती की डोक्याला विचारायची गरजच उरली नव्हती.

"ताई, दोनशे आहे ना," दिनेश म्हणाला होता.

"सगळे असंच सांगतात."

"अहो, मी काय हिच्यात केळी भरून राहिलो का?"

"मला शिकवू नको."

आकडा निघाला अडतीस. स्प्रिंगा आल्या, बसवल्या, तर गाडीचं नाक वर. मी म्हटलं, लोड पडला की बसेल. लोड म्हणजे कोण, तर दिनेश. साठ किलोचा, हाडं मोजून घ्या.

तर त्या दिवशी शिवारात चाक उडालं, आणि नेमके भगवानदादा बांधावर उभे. गाडी थांबली तसे जवळ आले.

"पाहिलं मी. चाक वरती, पोरगं वरती. स्पर्धेला नऊ दिवस राहिले ना? आता काय होते? रावेरचा एक जण मागून राहिला, आजच देऊन टाकू."

दिनेशने माझ्याकडे पाहिलं. मग खाली बघत म्हणाला, "बाबा, ताईंची गलती नाही. मीच वजन चुकीचं सांगितलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याला मी खोटारडा धरलं, तो माझी अब्रू राखायला खोटं बोलत होता, तेही ज्या गाडीसाठी जीव टाकतो ती जात असताना.

"दादा, त्याचं ऐकू नका," मी म्हटलं. "त्याने बरोबर सांगितलं होतं. मीच वाढवून धरलं."

"काट्याची पावती नव्हती?"

"होती."

"मग?"

"मग काय. विश्वास ठेवला नाही."

दादांनी वाकून ते चाक बघितलं. "ठेवत तर मीबी नाही त्याच्यावर," ते म्हणाले. "दुरुस्त होईल?"

"होईल. आणि पैसे घेणार नाही."

नवा आकडा पंचवीस. इंदूरहून पुन्हा स्प्रिंगा यायला वेळ नव्हता. दिनेश म्हणाला, "याच्यातलेच दोन वेढे कापून टाका ना, नरम होऊन जाईल." पुष्कळांना असंच वाटतं. होतं उलट. लांब काठी सहज वाकते, तिचाच वीतभर तुकडा वाकवून दाखवा. वेढे कमी केले की स्प्रिंग कडक होते. म्हणजे कडक स्प्रिंग नरम करता येत नाही, पण नरम कडक करता येते.

मग भंगारात गेलो. एका लहान घरगुती गाडीच्या पुढच्या स्प्रिंगा मिळाल्या, सात वेढ्यांच्या. दादांचा केळी तोलायचा काटा प्रेसखाली ठेवला, त्यावर स्प्रिंग उभी केली, एकेक सेंटिमीटर दाबत वजन वाचलं. अठरा किलो. आता कापायचं. गॅसने नाही, तापलं की स्टीलचं पाणी उतरतं, कस जातो आणि स्प्रिंग दबून बसते. ग्राइंडरने, अर्धा अर्धा वेढा, प्रत्येक वेळी पुन्हा काट्यावर. या वेळी दिनेश वाचणार आणि मी तोच आकडा लिहिणार. पाच वेढे उरले तेव्हा पंचवीस आला. उंची कमी झाली होती, ती लेथवर लोखंडी कड्या कातून, त्या स्प्रिंगेखाली घालून भरली. मागच्या दोन्हींचं असंच केलं. गाडी शिवारात फिरवून आणली, चाकं जमिनीला धरून होती.

इंदूरला आम्ही तिघंही गेलो. चौदा गाड्या होत्या. दिनेश सुटला, कोनांमधून निघाला, मला त्यातलं फारसं काही दिसलं नाही कारण मी चाकांखेरीज कुठे बघतच नव्हते.

निकालाचा कागद लागला. भगवानदादा चष्मा लावून पुढे झाले आणि सवयीने खालून वाचायला लागले. एक नाव, दोन नावं, तीन, चार. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "ताई, पोराचं नाव लिहायचं राहिलं वाटते."

"अजून वर बघा, दादा."

सातवा होता. दादांनी त्या नावावर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही. मागे दिनेश उभा होता. त्याला म्हणाले, "राहू दे गाडी."

बावीस वर्षं खोटी वजनं ऐकली की खरं वजन हलकं वाटायला लागतं. त्यात काट्याचा काही दोष नसतो.