केंजळगडाच्या धुक्यात घेतलेले नाव

या गडावर जाण्याचा बेत माझा नव्हता, हे आरंभीच नमूद करतो. गेली वीस-बावीस वर्षे मी आमच्या सातारा-सांगली भागातील डोंगर चालत आहे. माझी पत्नी मात्र एवढ्या काळात एकदाही माझ्यासोबत आलेली नव्हती. मी परतलो की ती बुटांचा चिखल बघे आणि परसदारी पाणी तापत ठेवी. आमची डोंगरांबद्दलची बोलणी तेवढ्यावरच संपत. यंदा श्रावण लागल्यावर एके सकाळी भाकरी थापता थापता ती म्हणाली, "आवं, समदं डोंगुर तुमी एकट्यानंच बघायचं काय? मला बी एक दावा. केंजाईची वटी भरायची हाय माझी."

"आणि गुडघे?" मी विचारले.

"गुडघं माझं हायती. तुमी तुमचं बघा."

मी होकार दिला आणि त्याच क्षणापासून माझ्या मनात भीती शिरली. केंजळगडाच्या माथ्याखाली कातळात कोरलेल्या पायऱ्या आहेत. त्यांना कठडा नाही. पावसाळ्यात त्यांवर शेवाळ धरते. आमच्याबरोबर येणारे एक गृहस्थ तेथेच घसरले होते आणि त्यांच्या मनगटाचे हाड मोडल्याचा आवाज मी चार पायऱ्या वरून ऐकला होता. तो आवाज मी घरी कधी सांगितला नव्हता. आता तो रोज आठवू लागला. हिला सुखरूप वर नेणे आणि सुखरूप घरी आणणे, याखेरीज दुसरा विचार मला सुचेना.

देवीचा वार म्हणून मंगळवार ठरवला. रविवारची तरुणांची गर्दीही त्यामुळे टळते. माझे डोंगरातले जुने सोबती बाबालालभाई मिरजेहून आपली व्हॅन घेऊन आमच्या गावी, इस्लामपूरजवळ आले. तंबोरे बनवणे हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. भोपळ्यावर पटाशी चालवणारा हात कातळावरही डळमळत नाही. पेठ नाक्यावरून महामार्गाला लागलो. कऱ्हाडला मिसळ घेतली. पत्नीने घरचा दशमीचा डबा काढला आणि मिसळीला हात लावला नाही. साताऱ्यात आमच्याच मंडळींतले निवृत्त सुभेदार आमची वाट पाहत उभे होते. ते वडूजचे. पाचवड फाट्यावरून वाईला जावे, वाईतून खावलीचा रस्ता धरावा. रस्ता अरुंद आहे, पण डांबरी आहे. खावलीत कोणाच्याही अंगणात विचारून गाडी लावता येते. जेवण सकाळीच सांगून ठेवल्यास परत येईपर्यंत पिठले-भाकरी आणि ठेचा तयार मिळतो. माणशी शंभर-सव्वाशे रुपयांत पोट भरते.

गावातल्या ज्या बाईंनी आमचे जेवण करण्याचे कबूल केले, त्यांनी पत्नीच्या पायांकडे पाहिले. "वैनी, चप्पल घालून चढनार? वर लय निसरडं हाय."

"मालकांनी बूट घेऊन दिल्यात की," पत्नी म्हणाली. "पन ते नवं हायती. देवीला जाऊन आल्यावर घालीन."

नव्या बुटांवर आमचे थोडे बोलणे झाले. शेवटी तिने ते घातले, पण तोंड वाकडे करूनच.

चढ सुरुवातीला शेतांमधून जातो, पुढे झाडीत शिरतो. सुभेदार पुढे, त्यांच्यामागे पत्नी, तिच्यामागे मी आणि शेवटी बाबालालभाई, अशी आमची रांग होती. तिच्या टाचेवरून माझी नजर हटत नव्हती. ओल्या मुळावर तिचा पाय पडला की माझा हात आपोआप पुढे जाई. ती मात्र कुठे भारंगीची भाजी दिसते, कुठे कोणाच्या म्हशी चरतात, हे बघत चालली होती.

"अण्णा, तुम्ही श्वास घ्या जरा," मागून बाबालालभाई म्हणाले. "वैनी चढतायत आन् धाप तुम्हाला लागतीय."

कातळाच्या पायथ्याशी एक गुहा आहे. तेथे पोहोचेपर्यंत बाबालालभाईंचा जुना गुडघा दुखू लागला. त्यांना एकटे ठेवू नये, हा आमचा नियम. म्हणून सुभेदार त्यांच्याजवळ थांबले. "तुमी दोघं ओटी भरून या," ते म्हणाले. "पन अण्णा, धुकं आलं तर बसल्या जागी बसायचं. कडेला जायचं न्हाई."

हे मला दुसऱ्याने सांगावे, याचा मला राग आला. आमच्या मंडळींत हा नियम नवख्यांना सांगण्याचे काम माझेच आहे.

पायऱ्या ओल्या होत्या. मी तिच्या एक पायरी खाली राहून दोन्ही हात पसरून चढलो. वाऱ्याने तिचा पदर माझ्या तोंडावर येत होता, म्हणून मला पायऱ्या धड दिसत नव्हत्या. मध्ये एकदा तिचा बूट घसरला. तिने कातळाला हात टेकला, क्षणभर थांबली आणि पुन्हा चढू लागली. मी मात्र पसरलेले हात माथ्यावर पोहोचेपर्यंत खाली घेतले नाहीत.

माथा लांबट आणि सपाट आहे. देवीच्या देवळाला छप्पर उरलेले नाही. आसपासच्या वाड्यांतील काही बायका आपापल्या कारभाऱ्यांसह देवीला आल्या होत्या. त्यांच्यात बसून पत्नीने ओटी भरली आणि लगेच त्यांची माहेरे-सासरे विचारू लागली. ती सुखरूप वर आली, माझे अर्धे काम झाले, असे मला वाटले. तेवढ्यात ढगांत फट पडली आणि खाली धोम धरणाचे पाणी चमकले. हे पाणी तिला दाखवावे असे माझ्या मनात आले. चांगली जागा आधी आपण पाहून यावी, मग तिला न्यावे, म्हणून मी एकटाच कडेकडे निघालो. "आलोच" एवढेही बोललो नाही.

धुके खालून आले. दरीतून वर चढले आणि पाहता पाहता मला माझ्या काठीचे टोक दिसेनासे झाले. मी परत फिरलो. काही पावले गेलो. गवत ओळखीचे वाटेना. पुन्हा दिशा बदलली. तेव्हा माझ्या ध्यानात आले की वारा समोरून लागत नाही. तो खालून, विजारीच्या पायांतून वर येत आहे. मी काठी पुढे टेकवली. ती टेकली नाही.

मी तेथेच खाली बसलो. बुटाखालून एक खडा सुटला. त्याच्या पडण्याच्या आवाजाची मी वाट पाहत राहिलो, पण तो आलाच नाही. नियमाप्रमाणे बसल्या जागी बसायचे होते, परंतु मी बसलो होतो ते उतरते, चिखलट गवत होते आणि मी इंचाइंचाने घसरत होतो. मुठीत धरलेले गवत मुळासकट हातात येई. सरकायचे तर कोणत्या बाजूला, हे कळत नव्हते.

धुक्यातून हाका येऊ लागल्या. "आवं." "आवं, कुठं हाय तुमी?" सगळ्याच बायका आपापल्या माणसांना हाका मारीत होत्या. आमच्याकडे त्या पिढीची बाई नवऱ्याचे नाव घेत नाही. "आवं" हेच सर्वांचे नाव. कातळावर आपटून तो आवाज डावीकडून येई, उजवीकडून येई. त्यांतील एक हाक माझ्यासाठी होती. कोणती, ते सांगता येईना.

मी "अगं" म्हणून ओरडलो. तीन बाजूंनी "ओ" आली.

पत्नीचे नाव घेऊन हाक मारावी, असे त्या वेळी कोणालाही सुचेल. मला ते सुचले. तोंडातून मात्र ते निघाले नाही. लग्न झाल्यापासून मी तिला एकदाही नावाने हाक मारलेली नव्हती. मरणाच्या कडेवर बसूनही जीभ वळू नये, याचे नवल मला अजून वाटते.

आणि मग धुक्यात एक आवाज निराळा झाला. उंच, खणखणीत, जसा लग्नाच्या पंगतीत निघतो तसा.

"केंजळगडाच्या माथ्यावर धुकं पडलं भारी,
ज्ञानदेवरावांचं नाव घेते, फिरा आता माघारी."

बाई नाव घेत असताना बाकीच्यांनी गप्प राहायचे, हा आमच्याकडचा रिवाज आहे. तो त्या गडावरही पाळला गेला. सगळ्या हाका एकदम बंद झाल्या. त्या शांततेत तोच उखाणा पुन्हा आला, आणि आता मला दिशा कळली. तो माझ्या पाठीमागून, किंचित डावीकडून येत होता. मी पालथा झालो आणि कोपरांवर सरकू लागलो. उखाणा थांबला की मी थांबे. तो पुन्हा सुरू झाला की पुढे सरके. तिसऱ्या-चौथ्या वेळी तिचा आवाज फाटला होता, तरी तिने एकही शब्द गाळला नाही. अखेरीस माझा हात देवळाच्या चौथऱ्याच्या दगडाला लागला आणि त्यानंतर तिच्या नव्या बुटाला.

तिने माझ्या सदऱ्याची बाही घट्ट पकडली आणि धुके विरेपर्यंत सोडली नाही. शेजारची एक म्हातारी म्हणाली, "नाव चांगलं हाय गं." तेव्हा कुठे पत्नी पदरात तोंड लपवून हसली. तिचे हात मात्र गार पडले होते.

पायऱ्या उतरताना ती पुढे होती. "माझ्या टाचंवर पाय ठेवू नगा, आन् कडंला बघू नगा," एवढेच ती बोलली. मी तसेच केले. त्या पायऱ्यांवर मला तेव्हा जी भीती वाटली, ती चढताना वाटली नव्हती, कारण चढताना भीती तिच्यासाठी होती आणि आता माझी स्वतःची होती.

गुहेपर्यंत सर्व काही ऐकू गेले होते. सुभेदार गंभीरपणे म्हणाले, "फौजेत असता, तर आठ दिवस शिक्षा लागली असती अण्णा." बाबालालभाईंना राहवले नाही. "वैनी, लग्नानंतर पहिल्यांदाच घेतलं का हो नाव?"

"हळदीला घेतलं हुतं," ती म्हणाली. "तवा बी ह्यांना ऐकू गेलं न्हवतं."

खावलीत पिठले-भाकरी वाढली गेली. माझ्या वाटणीची भाकरी तिने संपवली.

केंजळगडाला जाणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच की श्रावणात जाऊ नये. गेल्यास बुटांचा तळ पाहून जावे. आणि सोबतच्या माणसाला सांगितल्याशिवाय माथ्यावर दहा पावलेही चालू नयेत. नियम मला पूर्वीही पाठ होता.

घरी आल्याला आता तीन आठवडे होत आहेत. काठी कशावरच टेकली नाही तो क्षण अजून मधूनच येतो. सपाट अंगणात चालतानाही पाय आखडतो. पत्नी पुन्हा "आवं"वर आली आहे. उखाणा पुन्हा म्हण, असे मी दोनदा सुचवले. "गडावरचं गडावर," असे उत्तर मिळाले.

काल संध्याकाळी मी सोप्यात बसलो होतो. आत भाकरी थापण्याचा आवाज येत होता. घरात दुसरे कोणी नव्हते. मी घसा साफ केला आणि हाक मारली, "शालन."

थापण्याचा आवाज थांबला. मग आतून ती म्हणाली, "काय झालं? घरात धुकं पडलंय काय?"

पडलेले नव्हते. तरीही मी आणखी एकदा हाक मारली.