विनूचे मूकपट आणि त्याची बडबड

विनू गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्यावर चिडूनच बसलो होतो. सकाळी सातला येतो म्हणून सांगून साहेबांचा पत्ता नव्हता... पलीकडून त्याची मुलगी मीनल रडत होती. "सलीमचाचा, बाबा गेले." दीड महिना झाला, तरी तो राग काही उतरला नाही.

वणीत माझा फोटो स्टुडिओ, तो कचेरीत कारकून. सारं जग मोबाईलवर ओरडत असताना हा पठ्ठ्या मूकपट काढायचा! पांढरेशुभ्र कपडे घालून लग्नाला निघालेला माणूस, समोरून कोळशाचे ट्रक... एक शब्द न बोलता त्यानं पार दूरच्या बोरी अरब गावापर्यंत लोकांना हसवून मारलं. पुढं पडून पडून गुडघा गेला, तसा तो दिग्दर्शक झाला आणि पडायचं काम माझ्या गळ्यात आलं.

मूकपटात आवाज ठेवायचाच नसतो, म्हणून फोन स्टँडवर लावून चित्रण चालू असतानाच त्याचा तोंडाचा पट्टा सुटायचा. "अबे, पडून राह्यला का झोपून राह्यला?" नंतर आवाज काढून टाकायचा आणि कच्चं चित्रण पुसायचं, हा त्याचाच हुकूम. "अडगळ कायले ठेवतं?" दहा वर्षं मी तो इमानेइतबारे पाळला.

तेरवीनंतर मीनल स्टुडिओत आली. "चाचा, बाबांचा आवाज पाह्यजे मले. घरी सारे मुकेच व्हिडिओ आहेत." मी कपाळावर हात मारला. जन्मभर बडबडलेल्या माणसाचा आवाज मी माझ्याच हातानं पुसला होता!

चार दिवस शोधलं. शेवटी एका बाजूला टाकलेल्या जुन्या फोनमध्ये पुसायचा राहिलेला एक तुकडा सापडला. मीनलला बोलावून लावला. दूर रस्त्यावर मी छत्री घेऊन चालतोय. विनू नेहमीसारखा ओरडतो, "सलीम, मान वर!" मी आणखी दूर जातो, धपकन पडतो. मग फोनजवळ त्याचा हळू आवाज येतो, "काय पडते माहा सलीम... असं मले बी कधी जमलं नाही."

मीनल रडता रडता हसली. मला मात्र असा संताप आला! अरे, हे तोंडावर सांगायला काय झालं होतं तुला? आणि असं किती वेळा बोलला असशील, जे मी न ऐकताच पुसून टाकलं...

मीनलला त्या तुकड्याची नक्कल करून दिली. फोन माझ्याच खणात आहे. गिऱ्हाईक नसलं की तो तुकडा लावतो आणि विनूशी भांडतो.