पिंपाचं दार

आमच्या बॅरनच्या गढीत बियरचा कारखाना होता, आणि तळघरात खोलीएवढी लाकडी पिंपं. पिंप रिकामं झालं की आतून घासायचं. आत शिरायला खाली एक दार, कुत्र्यानं अंग चोरून जावं एवढं. त्यातून जाणारा गडी एकच, कोर्बिनियान. आधी हात, मग डोकं, मग खांदा तिरपा. कमरेला दोर. आतून सारखं गायचं, हा नियम. पिंपात वाईट हवा साठते. गाणं थांबलं की बाहेरच्यांनी दोर ओढायचा. कोर्बीचा गळा असा, की देवळातली स्तोत्रंही रेडा ओरडल्यासारखी यायची.

या कामावर त्याला फाटकाजवळची खोली होती. काम गेलं की खोली गेली. म्हणून अंग त्या दारातून जावं यासाठी हा बाबा बियरच्या कारखान्यात जन्मभर अर्धपोटी राहिला.

"बाकीच्यांची पोटं बघ जरा," बायको वाल्बुर्गा म्हणायची. "तू निस्ता वाळला दोडका."

"दोडका हाय म्हणून डोक्यावर छप्पर हाय तुझ्या."

साठीला त्याच्या पोटात पाणी व्हायला लागलं. हातपाय काटक्या, पोट नगारा. वाल्बुर्गा ते रोज फडक्यानं आवळून बांधायची. बियरच्या हंगामाच्या तोंडावर कारभारी डेगनहार्ट, कोर्बी अजून दारातून जातो का, ते स्वतः बघायला तळघरात उतरला.

"काय कोर्बी, बारसं कधी?" पिंपं बांधणारा वुनिबाल्ड खिदळला.

"तुझ्या बायकोला इचार," कोर्बी म्हणाला आणि दारात हात घातले.

साबण चोपडून मी आणि वुनिबाल्डनं त्याला मागून रेटला. गेला. ब्रश चालला, रेडा गायला लागला. वाटलं, यंदाचं निभावलं.

पण घासता घासता फडकं सुटलं. बाहेर येताना खांदे आले, पोट अडकलं. आम्ही ओढलं तर किंचाळला. पुन्हा आत ढकलला. गाणं एका ओळीवर अडकलं, मग तेही थांबलं.

"फोडू का, साहेब?" वुनिबाल्डनं घण उचलला.

कारभाऱ्यानं पिंपाकडं पाहिलं. बॅरनच्या आज्याच्या वेळचं ओकचं लाकूड. "थांब जरा," तो म्हणाला. मग बऱ्याच वेळानं, "फोड."

फळ्या निखळल्या. निळा पडलेला कोर्बी बाहेर काढला. डोळे उघडून कारभाऱ्याला म्हणाला, "सगळं घासलंय, साहेब. वरचा एक कोपराच राह्यलाय."



नोव्हेंबरात खोली सोडावी लागली. दोघं गरिबांच्या धर्मशाळेत गेली; तिथं बाया एकीकडं, बाप्ये दुसरीकडं. तिथलं दार बैलगाडी जाईल एवढं रुंद. कोर्बी आधी हात घालतो, मग डोकं, मग खांदा तिरपा करतो.