मॅनेजरची अर्धी दाढी

वऱ्हाडच्या स्पर्धेतला शेवटचा सामना मलकापूरच्या आमच्या फुटबॉल संघाने एका गोलाने जिंकला आणि खालच्या गटात जाता जाता वाचला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढीला बसलो, हीच माझी चूक. न्हावी संघाचा कट्टर भक्त. माझा एक गाल उरकतो न उरकतो तोच बाकावरच्या पिंजाऱ्याने विषय काढला, आजवरच्या मॅनेजरांत चांगला कोण?

"कापसाच्या जिनिंगवाला साहेब. पोरायले बूट तरी देत होता," तोच म्हणाला.

"अन् पोस्टमास्तर? त्यानंच तं आपल्याले बुडवलं!" न्हाव्याने वस्तरा हवेत उगारला.

दुसऱ्या गालावरचा साबण वाळून खाजू लागला. उठावं तर बाहेर भरलेला बाजार, आणि मी शाळेचा हेडमास्तर! दोघांनी एकेका मॅनेजरची सालटी काढली. अखेर वस्तरा माझ्या गळ्याशी टेकला.

"येत्या साली मास्तरलेच मॅनेजर करू. काय म्हनता, मास्तर?"

मी श्वाससुद्धा घेतला नाही.

"पाह्यलं? नाही म्हनत नाहीत!" पिंजारी ओरडला. मग कुठे न्हाव्याने उरलेला गाल हाती घेतला.

पुढच्या साली संघ खालच्या गटात गेला. तेव्हापासून मी दाढी राखून आहे.