घोड्याचा रवंथ

कोश कार्यालयातल्या कार्डबाई आणि मोठे साहेब एकाच खोलीत, आठ हातांच्या अंतरावर बसत आणि नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नसत. अगदीच अडलं तर कार्डावर लिहायचं. साहेब लाल शाईत, बाई निळ्या. मधले आठ हात शिपाई चालायचा.

‘खिडकी बंद करावी.’

‘बिजागरी मोडली आहे.’

‘सुताराला सांगावे.’

‘मागच्या मंगळवारी सांगितले आहे.’

एवढ्यात सकाळ जाई आणि वारा आत येतच राही. शिपाई म्हणायचा, "माझ्या चपला झिजल्या, पण यांच्या तोंडाला काही कुलूपवाला मिळेना."

काम होतं इंग्रजी शब्दांना आपल्या भाषेत अर्थ देण्याचं. एका अर्थाला एक कार्ड. चारी भिंतींना छतापर्यंत लाकडी खण, आणि कुठल्या खणात काय आहे ते फक्त बाईंना ठाऊक. सत्तावीस वर्षांपूर्वी अक्षर चांगलं म्हणून त्यांना घेतलं होतं. साहेबांनी तेव्हाच नाक मुरडलं. बाईंचे वडील गुरं राखणारे. "अक्षर ठीक आहे, पण खोलीत गोठ्याचा वास येतो," असं ते पाहुण्यांना सांगत, बाई तिथंच शिडीवर चढलेल्या असताना.

गोठा होताच, त्यात खोटं काय. लहानपणी बाईंच्या वाट्याला एकच काम होतं. दुपारी जनावरं बसली की समोर उकिडवं बसायचं आणि कोण रवंथ करतंय ते बघायचं. गळ्यातून गोळा वर येताना दिसतो. मग चावणं मोजायचं. पन्नासेक वेळा जबडा फिरला की गोळा खाली जातो, दुसरा वर येतो. एखादीचा जबडा थांबलेला दिसला की वडलांना हाक मारायची. ते येऊन तिच्या कानाला हात लावत. कान गार लागला तर त्या घरात कुणाला जेवण गोड लागत नसे. अशा पोरीला रवंथ म्हणजे काय हे पुस्तकात बघावं लागत नाही.

बोलणं तुटलं ते एका कालवडीवरून. साहेब पाहुण्यांपुढं एका इंग्रजी शब्दाचा अर्थ उलगडत होते आणि त्यांनी कालवड आणि गाय एकाच दावणीला बांधली. बाई शिडीवरून म्हणाल्या, "साहेब, व्यायच्या आधी कालवड. व्याली की गाय." पाहुणे हसले. एकजण म्हणाला, "साहेब, एकदा गोठ्यात जाऊन या." दुसऱ्या दिवशी तयार खंडाच्या यादीतून बाईंचं नाव गेलं. सहसंपादक म्हणून ते घालायचं साहेबांनीच कबूल केलं होतं. टेबलावर लाल शाईचं कार्ड होतं: ‘कार्डे लावणाऱ्याने अर्थात तोंड घालू नये. यापुढे फक्त क्रम पाहावा.’

बाईंनी ते फाडलं नाही. डब्याच्या पिशवीत, आतल्या कप्प्यात ठेवलं. पिशवी दोनदा बदलली. कार्ड प्रत्येक वेळी नव्या पिशवीत गेलं.

यंदा ‘आर’ अक्षराचा खंड निघायचा होता. तो निघाला की बाई निवृत्त. म्हणजे छापील पानावर नाव येण्याची ही शेवटची संधी. बाईंनी रीतसर अर्ज केला. साहेबांनी शेरा मारला, ‘विचार चालू आहे.’ सात महिने विचार चालू होता.

त्यातच ‘रूमिनेट’ हा शब्द आला. साहेब महिनाभर रजेवर होते म्हणून कच्चं कार्ड बाईंनी केलं. गिळलेला चारा पोटातून तोंडात परत आणून सावकाश चावणं. गाय, म्हैस, शेळी, मेंढी. जनावर बरं असल्याची खूण. खाली दुसरा अर्थ, मनात एखादी गोष्ट घोळवणं. साहेबांनी परत आल्यावर त्यावर आडवी लाल रेघ मारली आणि समासात लिहिलं, ‘शेण लागलेले गद्य.’ मग स्वतः पाऊण पान लिहून काढलं. लॅटिनमध्ये घशाला काय म्हणत इथपासून सुरुवात. रोमन माणूस चावणं आणि चिंतन एकाच क्रियापदात कसं बसवी, इंग्रजांनी पाचेकशे वर्षांपूर्वी तो शब्द दोन्ही अर्थांसकट कसा उचलला, आणि अलीकडं मनाच्या डॉक्टरांनी त्यात तिसरा अर्थ कसा घातला: तीच दुखरी गोष्ट पुन्हा पुन्हा उगाळत बसणं. लिहिलेलं छान होतं. बाईंनाही ते मान्य करावं लागलं, आणि त्यानं त्या जास्तच चिडल्या.

शेवटची प्रुफं आली तेव्हा गठ्ठ्यात वर नावांची यादी होती. साहेबांच्या भाच्याचं नाव होतं. त्यानं तीन शब्द केले होते आणि त्यातला एक चुकला होता. बाईंचं नाव नव्हतं. बाईंनी यादी उलटी ठेवली आणि पानं तपासायला घेतली. ‘रूमिनेट’पाशी पहिल्या अर्थाखाली साहेबांचं उदाहरण छापलं होतं: ‘झाडाच्या सावलीत घोडा शांतपणे रवंथ करीत उभा होता.’

बाईंनी चष्मा पुसला. घोडा होताच. घोडा रवंथ करत नाही, हे गोठ्यातलं शेंबडं पोरही सांगेल.

घरी त्यांनी नवऱ्याला सांगितलं. नवरा शिंपी. तो मशीनवरून न उठता म्हणाला, "मग उद्या सांगून टाक."

"मला विचारलंय कुणी?"

"अगं, पुस्तक तुझंही आहे."

"यादीत शोध जा."

"गाय पन्नासदा चावते आणि गिळते तरी. तू नऊ वर्षं तोच घास फिरवतेयस. जबडा दुखत नाही?"

"तुम्ही कापडाकडं बघा. बाही उलटी लागलीय."

खरंच उलटी लागली होती. तो पुटपुटत उसवायला बसला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी पान पुढं धाडलं. पेन टेकवायला वेळ लागला. वडील असते तर कान धरून विचारलं असतं, जबडा थांबलेला दिसला आणि हाक मारली नाहीस? पण वडील नव्हते आणि यादी होती. बाईंनी पानाखाली निळ्या शाईत लिहिलं, ‘क्रम बरोबर’ आणि सही केली.

दोन हजार प्रती छापून आल्या. कोशाच्या मंडळाची बैठक त्याच खोलीत भरली. अध्यक्षबाई, पाचसहा विद्वान, आणि नव्यानं घेतलेले एक जनावरांचे डॉक्टर. डॉक्टरांनी आपल्या ओळखीचा शब्द काढून वाचायला घेतला. लॅटिनला मान डोलावली, मग थांबले.

"साहेब, हा घोडा कुठं राहतो?"

"कोणता घोडा?"

"हा, रवंथ करणारा. चाळीस वर्षं घोडे तपासतोय. असा एकही भेटला नाही. पत्ता द्या, बघून येतो."

हसू टेबलाच्या एका टोकाकडून दुसऱ्याकडं गेलं. साहेबांनी पुस्तक ओढून घेतलं, वाचलं, आणि मान ताठ ठेवून म्हणाले, "उदाहरण दुसऱ्या अर्थाचं आहे. छापताना वर गेलं. घोडा विचार करतोय."

"कशाचा?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

साहेबांनी पुस्तक मिटलं. मग त्यांची नजर भिंतीशी बसलेल्या कार्डबाईंवर गेली. "शेवटचा हात यांचा. प्रुफावर यांची सही आहे." आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा ते थेट बाईंशी बोलले. "तुम्ही पाहिलं नाहीत?"

"पाहिलं की."

"मग बोलला का नाहीत?"

बाईंनी पिशवीच्या आतल्या कप्प्यातून कार्ड काढलं. कडा मऊ झाल्या होत्या, लाल शाई विटकरी पडली होती. त्यांनी ते साहेबांना न देता अध्यक्षबाईंपुढं ठेवलं. अध्यक्षबाईंनी मोठ्यानं वाचलं, तारखेसकट. डॉक्टर खिडकीकडं बघत मिशीतल्या मिशीत हसले. खिडकी अजून उघडीच होती.

"पण बाई," अध्यक्षबाई म्हणाल्या, "दोन हजार प्रती चुकीच्या छापल्या गेल्या ना."

"गेल्या," बाई म्हणाल्या. "त्याला मी नाही म्हणत नाही. मी गप्प बसले."

ठरलं असं की प्रत्येक प्रतीत शुद्धिपत्राची चिठ्ठी चिकटवायची. साहेब उसळले. "चिठ्ठीखाली जबाबदार माणसाचं नाव छापायचा आपला नियम आहे. यांचं घाला. लोकांना कळू दे कुणाच्या हातून सुटलं ते."

डॉक्टर म्हणाले, "घोडा तुमचा आणि लगाम त्यांच्या तोंडात?"

"घाला," कार्डबाई म्हणाल्या. "पण पुरतं घाला. माझं नाव, वडलांचं नाव, आणि पुढं लिहा, अर्थाची दुरुस्ती यांनी केली. खाली माझं ‘रूमिनेट’चं पहिलं कार्ड जसंच्या तसं."

तेव्हा कुठं साहेबांच्या डोक्यात उजेड पडला. "तसं नाही, मी म्हणत होतो की..."

"नियम तुम्हीच सांगितलात," अध्यक्षबाई म्हणाल्या आणि पान उलटलं.

चिठ्ठ्या चिकटवायला अकरा दिवस लागले. शिंपी दुकान अर्धा दिवस बंद ठेवून आपली मोठी कात्री घेऊन आला आणि चिठ्ठ्या कापून देऊ लागला. बायकोच्या नावाची प्रत्येक चिठ्ठी कापताना म्हणायचा, "सासरचं नाव घातलं असतंस तर कात्रीला धार लागली नसती का?" बाई पुढची चिठ्ठी ओढत. बोटांना डिंक होता. हजार प्रती झाल्यावर कंबर धरली, तरी कुणाला हात लावू दिला नाही. साहेब आठ हातांवर पाठ करून बसलेले.

नवव्या दिवशी त्यांनी एक प्रत मागवून उघडली. चिठ्ठी समोरच्या पानाच्या समासात होती आणि अलीकडं घोडा सावलीत उभा होता, स्वच्छ, एकेक अक्षर वाचता येईल असा. थोड्या वेळानं शिपाई लाल शाईचं कार्ड घेऊन आला.

‘चिठ्ठी अशी चिकटवावी की चुकीची ओळ झाकली जाईल.’

बाईंनी हात पुसला, पेन घेतलं आणि त्याच कार्डाच्या पाठीवर लिहिलं, ‘कार्डे लावणाऱ्याने अर्थात तोंड घालू नये. क्रम बरोबर.’

शिपायानं ते हातात घेतलं, वाचलं, आणि ते आठ हात पहिल्यांदाच सावकाश चालला.