ठेकेदाराच्या भिंतीवरचं सिमेंट

माझे बाबा चुन्याचे गवंडी. माणूस मवाळ, पण मनात अढी बसली की निघत नाही. मी त्यांचीच लेक. अढी घेतली, मवाळपणा तेवढा घ्यायचा राहिला.

बाबा परगावी कामाला असताना समोरचा ठेकेदार आईला म्हणाला, "वहिनी, चुना किती दिवस धरून बसणार? सिमेंट मारतो, वर ऑइलपेंट. दादा बघतच राहतील." आमची भिंत जाड, भरीव दगडाची. आत आलेली ओल ती चुन्यातून बाहेर टाकायची. सिमेंटने तिचं तोंडच बंद झालं. बाबांनी आल्या आल्या छिन्नी काढली, पण आईला ती गुळगुळीत भिंत फार आवडली होती. तिचं मन त्यांना मोडवेना. छिन्नी परत पिशवीत गेली.

ठेकेदार गल्लीभर हसत सांगायचा, "यांच्या भिंतींना म्हणे श्वास लागतो." दोन हिवाळ्यांत आईच्या उशाशी काळी बुरशी चढली, दमा बळावला आणि आई गेली. त्या खोलीला बाबांनी कुलूप घातलं.

सहा वर्षांनी तोच ठेकेदार आमच्या दारात. त्याचंही घर जुनं, त्यावरही त्याचंच सिमेंट. रंगाचे पोपडे सुटलेले, म्हातारी आई खोकून बेजार. "दादा, तुम्हीच बघा आता."

"कुजू दे मेल्याला," मी म्हटलं. अगदी मनापासून.

"म्हातारीने आपलं काय घोडं मारलंय?" बाबा म्हणाले. मग त्याच्याकडे वळले. "चुना मी करीन. सिमेंट मात्र तू काढायचंस. स्वतःच्या हाताने, भरदिवसा, दार सताड उघडं ठेवून."

चार दिवस तो छिन्नी मारत होता आणि गल्ली बघत होती. त्याची गिऱ्हाइकंसुद्धा. मी समोर खुर्ची टाकून बसले. खोटं कशाला बोलू, त्याच्या तळहाताला फोड आले तेव्हा चहा जास्तच गोड लागला.

शेवटचा तुकडा पडला. आतला दगड चिंब ओला होता.

"चुना कधी मारायचा?" त्याने विचारलं.

"सुकल्यावर. वर्ष लागेल. तोवर भिंत अशीच उघडी राहील. कुणी विचारलं तर का ते सांगायचं, आणि माझ्या बायकोचं नाव घेऊन सांगायचं."

त्याने खाली बघून मान हलवली. माझं पोट भरलं.

घरी आल्यावर बाबांनी आईच्या खोलीचं कुलूप काढलं. पिशवीतून छिन्नी घेतली.

"त्याचं झालं," ते म्हणाले. "आता माझं."

मी दार लावायला गेले, तर म्हणाले, "राहू दे उघडं."