तानबा गुरुजींचं यादीवाचन

गुरुजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी सौंदडच्या स्टेशनावर गाडीची वाट पाहत होते. चारच दिवसांपूर्वी त्यांचा फोन आला होता. "शेवंता, मतदारांची नवी यादी आली. वाचाले ये."

"धानाची रोवणी सुरू आहे गुरुजी. रविवारी येईन. फोनवरच सांगा ना."

"नाही. डोळ्यानं पाहा लागते." आणि फोन ठेवला... तो रविवार आलाच नाही.

मी त्यांची विद्यार्थिनी, मग त्याच शाळेत शिक्षिका. ते इतिहास शिकवायचे, तेही बऱ्याचदा तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर चालता चालता. ज्यांना राज्यात काडीची किंमत नव्हती त्यांना मत कुठे, कसं मिळालं, याची तुलना हे त्यांचं वेड. फ्रान्सात राजा गेला, पण बायांचा नंबर दीडशे वर्षांनी लागला. अमेरिकेत गुलाम सुटले, मत देऊ लागले, अन् मग कुठे वाचनाची परीक्षा, कुठे कर, असं करत तेच मत काढून घेतलं. "आपल्याकडे माह्या अडाणी मायले अन् मालगुजाराले एकाच दिवशी भेटलं."

"म्हणजे आपलंच बरं ना?" मी विचारलं.

त्यांनी पाळीतलं खेकड्याचं बीळ टाचेनं दाबलं. "पाळ पुरानं फुटते असं वाटते तुले. पह्यले बीळ पडते. त्याचा आवाज येत नाही."

म्हणून नवी यादी आली की ते ग्रामपंचायतीसमोर चटई टाकून अख्खी यादी मोठ्यानं वाचत. नाव आलं की माणसानं 'हाव', म्हणजे हो, म्हणायचं, मग लाल पेन्सिलीची खूण. मी काय कमी चेष्टा केली? म्हणायचे, हजेरी घेतल्याशिवाय गुरुजींना भात गिळवत नाही. ते शांतपणे म्हणत, "हास. हाव म्हणणारा असन अन् नाव नसन, त्या दिवशी हासून दाखव."

यंदा वाचन झालंच नाही. सुतकात कोण वाचणार? तेरवी होऊ द्या, म्हणालो. तेरवीनंतर रोवणी उरकायची होती. हरकतीची मुदत केव्हा संपली, गावात कुणाला कळलंसुद्धा नाही. आता मतदान आठवड्यावर आलंय.

परवा गुरुजींच्या घरी, त्यांच्या खोलीत गेले. यादी उशाशीच होती. "तुह्यासाठीच ठेवली वं," गुरुजींच्या पत्नी, आमच्या काकू, म्हणाल्या. "एकटेच वाचत बसत."

मी मोठ्यानं वाचायला लागले. गुरुजींचं नाव आलं. दारातून काकू हळूच म्हणाल्या, "हाव." मला पुढे वाचवेना... तरी वाचलं. आमच्या टोलीचं, गावाबाहेरच्या वस्तीचं, पान आलं. शेजारणीचं नाव नव्हतं. तिच्या सुनेचं नव्हतं. माझंही नव्हतं. पुन्हा वरपासून बोट फिरवलं.

पानाच्या तळाशी लाल पेन्सिलीनं, त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं: 'टोलीतल्या बाया गळाल्या. शेवंताही. रविवारी येईल, तेव्हा सांगणे.'

काकू अजून दारातच उभ्या होत्या, पुढचं नाव ऐकायला.